कटोऱ्याच्या बुडाशी छप्पन अक्षरं

सर्पवर्ष, दुसरा महिना, नऊ

आज नवी वही काढली. जुनीत आठ पानं शिल्लक होती, पण आजच्या दिवसाला जुनी वही शोभली नसती. राजधानीतून पेटी आली.

सरकारी जेड कारखान्याचा कारकून म्हणून ती उघडायचा मान माझा. मोठेसाहेब वाकून बघत होते, म्हणून आधी बाह्या सावरल्या आणि मग झाकण उचललं. आत पिवळं रेशीम, रेशमात कापूस, कापसात हिंदुस्थानी कटोरा. पांढराशुभ्र आणि इतका पातळ, की आत बोट धरलं तर सावली बाहेर दिसते. बुडाशी उमललेलं फूल, अंगावर लांबट पानं, कान म्हणून दोन बाजूंना दोन मिटलेल्या कळ्या. आपल्याकडे भांडं म्हटलं की ड्रॅगन हवा, ढग हवेत, शकुनाची वटवाघळं हवीत, उरलेल्या जागेत दीर्घायुष्याचं अक्षर हवं. इथे यातलं काही नाही आणि तरी काही राहून गेलं असं वाटत नाही. वाळवंटापलीकडच्या सरहद्दीवर आपलं यारकंद आहे, तिथल्या अधिकाऱ्यांनी नजराणा म्हणून हा कटोरा दरबारी पाठवला होता.

सोबत सम्राटांची कविता आहे. आठ ओळी, छप्पन अक्षरं. भावार्थ असा, की दूरच्या हिंदुस्थानात कारागीर नुसत्या पाण्यानं जेड घासतात, म्हणून ते कागदासारखं होतं, आणि आमचे सुजौचे मिस्त्री मात्र पोट सुटलेले, बाजारू, नक्षीची गर्दी करणारे. वाचताना माझे डोळे भरून आले. इतकं नेमकं कुणी आपल्याला रागावत नाही.

हुकूम असा: कविता कटोऱ्याच्या आत, बुडाशी कोरावी. त्याच हिंदुस्थानी पद्धतीनं, म्हणजे फक्त पाण्यानं, याचा जोड बनवावा. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आत दोन्ही राजधानीला पोहोचावेत. जोड साधला नाही तर मुख्य मिस्त्रीला यारकंदला धाडावं, तिथल्या हिंदुस्थानी गुरूंकडे शिकायला.

घरी आल्यावर बायकोला कविता म्हणून दाखवली. ती म्हणाली, "तुम्ही सहा वेळा परीक्षेत नापास झालात ते बरंच झालं. पास झाला असता तर दगड पाण्यानं झिजतो हे पटवून घ्यावं लागलं असतं." तिला साहित्यातलं कळत नाही.

दुसरा महिना, अकरा

मुख्य मिस्त्री यान देफांग याला बोलावलं. वय त्रेसष्ट, पाठीला बाक, अंगठे चमच्यासारखे चपटे. बरोबर मुलगी आछिंग होती. नवरा वारल्यापासून ती बापाकडेच असते आणि घरच्या घासकामाच्या पाट्यावर बसून पुरुषासारखं काम करते म्हणतात. सरकारी कागदावर अर्थातच ती नाही.

मी कटोरा समोर ठेवला. वाटलं होतं, म्हातारा गुडघे टेकेल. तो हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, मुलीनं पाठ चोळली. मग त्यानं कटोरा उचलला, उपडा केला आणि न बघता अंगठा सरळ डाव्या कळीखालच्या पानावर नेऊन ठेवला.

"बरा आहे," म्हणाला. "कडेला जरा घाई झालीय."

"यान मिस्त्री, हे हिंदुस्थानी गुरूंचं काम आहे!"

"असेल साहेब. गुरूंनाही घाई होते. गिऱ्हाईक मागं लागलं असेल."

आछिंग खाली बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. बहुधा परक्या कलेचं तेज तिला सोसलं नाही.

कविता कोरण्याचं सांगितलं तेव्हा मात्र म्हाताऱ्याचं हसू मावळलं. "याच्या बुडात छप्पन अक्षरं? साहेब, बूड कांद्याच्या सालीएवढं आहे. कविता थोडी छोटी करता येईल का?"

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. खोलीत चौथं कुणी नव्हतं हे आमचं नशीब.

दुसरा महिना, वीस

कारखान्यातली घासण्याची वाळू जप्त केली. तीन पोती. माझ्या खोलीत ठेवून तोंडाला लाख लावली, शिक्का मारला. आता मिस्त्री पाट्यावर बसून दिवसभर पाय मारतात, लोखंडी चकती फिरते, पाणी उडतं आणि दगडाची आंघोळ होते.

तिसरा महिना, सहा

पितरांच्या सणाची सुट्टी झाली. कबरी झाडून आलो. दगडावर अजून ओरखडा नाही.

दोष पाण्याचा असावा असं माझं मत आहे. हिंदुस्थानातल्या नद्या बर्फातून निघतात आणि उन्हात तापतात, त्यामुळे पाण्याला धार येत असणार. आपलं सुजौचं पाणी चहासाठी उत्तम, म्हणजेच स्वभावानं मऊ. वाघटेकडीच्या झऱ्याचं पाणी आणवून पाहिलं, मग मोठ्या कालव्याचं, मग पावसाचं. यान मिस्त्री म्हणाला, "साहेब, नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. अंगण ओलं हे पहिल्यांदाच बघतोय."

तिसरा महिना, चौदा

जेडचे व्यापारी बाओशेठ भेटायला आले. तांदळाचे हिरवे लाडू आणले होते, आत गोड उडीद. यांची उंटं यारकंदपर्यंत जातात. कटोरा बघू शकतो का, म्हणाले. दाखवला. शेठ पांढरेफटक पडले.

"याची तपासणी वगैरे होणार आहे का?"

"तपासणी कसली? सम्राटांनी कविता केलीय यावर."

"मग सुटलो," असं काहीसं पुटपुटून त्यांनी माझाच चहा पिऊन टाकला. रसिक माणूस.

मी विचारलं, दिल्लीहून असे आणखी कटोरे येतात का. शेठ म्हणाले, "दिल्लीच्या बादशहाचं आता काही खरं नाही. दख्खनचे कुणी घोडेस्वार त्याचा दरवाजा राखतात म्हणे. ते म्हणतील तेव्हा त्यानं जेवायचं. कटोरे कोण करून घेणार? जुने मिस्त्री केव्हाच पांगले."

"मग हा कुठून आला?"

शेठ बराच वेळ खोकले. "जुना साठा," म्हणाले आणि निघाले. सहा लाडू ठेवून गेले. व्यापाऱ्यांना कलेचा इतिहास ठाऊक नसतो.

चौथा महिना, दोन

मोठेसाहेब म्हणाले, "फेई, जोड कुठवर आला?" मी म्हणालो, "दगड स्वच्छ झाला आहे, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.

चौथा महिना, पाच

तोडगा निघाला. कुणी काढला हे महत्त्वाचं नाही, पण मीच काढला.

हुकमात लिहिलंय पाण्यानं घासा. पाणी गाळून घ्या असं कुठंही लिहिलेलं नाही. आणि कालव्याच्या पाण्यात तळाला काय असतं हे कालव्याचा प्रश्न आहे. अहवालात लिहिलं: "पवित्र आदेशानुसार पाणी न गाळता वापरण्यात येत आहे." एक पोतं यान मिस्त्रीच्या घरी पोहोचतं केलं. पोत्यावर लिहिलं, पाणी.

आछिंगनं पोतं खांद्यावरून उतरवून घेतलं. म्हणाली, "फेईसाहेब, पाणी जड आहे हो यंदा."

पाचवा महिना, अठरा

आलुबुखारे पिकायच्या दिवसांतला पाऊस लागलाय. वहीला बुरशी, टोपीला बुरशी. हिंदुस्थानी कटोऱ्याला मात्र नाही.

आज छप्पन अक्षरं माझ्या हातानं लिहून दिली. कोरणारा त्याबरहुकूम कोरतो, म्हणजे अक्षर माझं राहणार. सहा परीक्षांत ज्या अक्षराला कुणी विचारलं नाही ते आता राजवाड्यात जाणार. रीतीप्रमाणे शेवटी बारीक ओळ टाकली: "सेवक फेई वनयाओ यानं आदरपूर्वक लिहिलं." यान मिस्त्रीनं ती ओळ बोटानं झाकली आणि म्हणाला, "एवढी राहू द्या. कविता मी कशीबशी बसवतो. पण या ओळीला खाली काही उरत नाही."

"सम्राटांच्या कवितेला जागा आहे आणि लिहिणाऱ्याला नाही?"

"जागा आहे. दगड नाही."

मी आवाज चढवला. लहान माणसांना मोठ्या गोष्टींची असूया असते.

सहावा महिना, तीन

छप्पन अक्षरं सुखरूप उतरली. कवितेखालचे दोन्ही शाही शिक्के सुखरूप उतरले.

तडा गेला तो माझ्या नावापाशी.

सहावा महिना, चार

काल पुढे लिहवलं नाही. यानच्या घरच्या पाट्यावर कोरताना बारीक आवाज आला, बी फुटल्यासारखा. माझ्या आडनावापासून निघून रेघ कविता ओलांडून काठापर्यंत गेली आणि कटोऱ्याचे दोन भाग म्हाताऱ्याच्या तळहातावर पडले. त्यानं चकती थांबवली. मी दोन्ही तुकडे बाहीत लपवून घरी आणले.

नजराण्याची वस्तू फोडणं, तीही सम्राटांचे शब्द आत असताना. याला यारकंद नाही. याला मान आहे आणि मानेला एकच उपाय आहे.

सहावा महिना, पाच

सकाळी यान मिस्त्रीच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कारागिराच्या उंबऱ्यावर गुडघे टेकले. शेजारची बाई भाजी निवडता निवडता बघत होती. बघू दे.

"मिस्त्री, मला वाचवा."

"उठा साहेब. चिखल लागेल. करतो मी पुन्हा."

"पुन्हा म्हणजे?"

आछिंग भडकली. "बाबा सांगणार नाहीत, मी सांगते. तो कटोरा या पाट्यावर झालाय. बाओशेठनं करवून घेतला, उंटावरून यारकंदला नेला आणि हिंदुस्थानी म्हणून परत आणला. डाव्या कळीखालच्या पानाला सहा शिरा हव्यात, पाच आहेत. सहावी नेहमी आई काढायची. बाबा म्हणायचे, शेवटची रेघ तुझी. ती गेल्यापासून तेवढी जागा ते कोरी ठेवतात. जा, तुमचे तुकडे बघा."

म्हातारा तंबाखूच्या नळीतली राख झटकत राहिला.

मी घरी आलो, दार लावलं, तुकडे पाहिले. पाच शिरा.

पण यानं काय सिद्ध होतं? हिंदुस्थानातही बायका मरत असतील. आणि तिचं खरं मानलं तर कविता चुकीची ठरते, कविता चुकली तर नजराणा पाठवणारे, पारखणारे, पेटीत भरणारे सगळे खोटे ठरतात, आणि सगळ्यांत आधी मान जाईल ती यान मिस्त्रीची, दरबाराला फसवलं म्हणून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेव्हा मी असं ठरवलं की सकाळी कोंबडा फार ओरडत होता आणि मुलगी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

उरलेली दोन पोती "पाणी" घेऊन या, असा निरोप म्हाताऱ्यानं पाठवलाय. एकच नेऊन दिलं. एक तरी शिक्क्याखाली दिसायला हवं.

नववा महिना, चौदा

चौ राजाच्या देवळात जेडवाल्यांचा उत्सव. तीन दिवस प्रत्येक मिस्त्री वर्षातलं आपलं सर्वोत्तम काम देवापुढं मांडतो. कुणी जेडचा कोबी मांडला होता, कुणी पूल, त्यावर नऊ माणसं, नवव्याच्या हातात पिंजरा. यान मिस्त्रीनं काय मांडावं? तळहाताएवढा फुटका तुकडा. अर्धं पान आणि कळीचं टोक. त्याच्यापुढं उदबत्ती लावून स्वतःच वाकला.

मी बाजूला घेऊन म्हणालो, "लोक काय म्हणतील? असला मोडका गावठी माल देवापुढं?"

"साहेब, हाच तेवढा खरा. बापाच्या वेळी बाओशेठच्या वडिलांनी आणला, वाटेत फुटलेला. ज्यानं केला त्याचं नाव ठाऊक नाही, बोली ठाऊक नाही. वीस वर्षं याच्याकडं बघून शिकलो. पान कुठं पातळ करायचं आणि कुठं थांबायचं ते यानं सांगितलं." मग तुकडा उन्हात तिरका धरला. "आतून बघा. बारीक गोल ओरखडे. वाळूचे आहेत. तिकडंही पाण्यात वाळूच असते."

मी निरखून पाहिलं. ओरखडे होते, म्हणजे माल नक्कीच सुजौचा. म्हाताऱ्याला कुणीतरी फसवलंय. मी त्याला तसं सांगितलं नाही. या वयात मन मोडू नये.

अकरावा महिना, एक

दोन्ही कटोरे झाले. एक म्हाताऱ्याचा, एक आछिंगचा, कारण एका माणसाच्यानं पाच महिन्यांत दोन होत नाहीत. कविता त्यांनी बूड जाड असतानाच कोरली आणि मग मागून दगड उतरवत नेला. माझ्या नावाची ओळ एकातही नाही. मी मागितली नाही.

शेजारी शेजारी ठेवले तर जुळी भावंडं. आता एकाला पिवळी फीत बांधायची, "मूळ हिंदुस्थानी", आणि दुसऱ्याला तांबडी, "सुजौची नक्कल". मी विचारलं, कुणाला कुठली?

"तुम्ही पारखी आहात," आछिंग म्हणाली.

तासभर पारख केली. शेवटी डाव्या कळीखाली बघितलं. एकात सहा शिरा, एकात पाच. अस्सल गुरू शीर विसरणार नाही, हे उघड आहे. सहावाल्याला पिवळी बांधली, पाचवाल्याला तांबडी. पाचवाला म्हाताऱ्याचा होता.

आछिंग काहीतरी बोलायला गेली. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला. तो तिच्या कटोऱ्यावरच्या पिवळ्या फितीकडं बघत होता आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं, जे माझा एखादा मुलगा परीक्षेत पास झाला असता तर माझ्या तोंडावर आलं असतं.

बारावा महिना, वीस

राजधानीहून शेरा आला. मोठेसाहेबांनी मोठ्यानं वाचला.

पिवळी फीत: "सम्राटांचे शब्द लाभल्यावर परदेशी रत्न पहिल्यापेक्षाही उजळले आहे."

तांबडी फीत: "आकार आहे, प्राण नाही. सुजौच्या बाजाराचा वास येतो. पाण्याचं मर्म कळलेलं नाही. मुख्य मिस्त्री यान देफांग यास यारकंदला पाठवावे."

मोठेसाहेब म्हणाले, "एकूण चांगलंच झालं, फेई. मूळ वस्तू सुखरूप पोहोचली." मी मान लववली. मान जागेवर होती.

अश्ववर्ष, पहिला महिना, सोळा

दिव्यांचा सण काल संपला. आज यान मिस्त्री निघाला. शिपाई दोघे, खेचर एक. चौसष्टाव्या वर्षी वाळवंट ओलांडायचं, शिकायला. कुणाकडे? जे गुरू बाओशेठच्या म्हणण्याप्रमाणे केव्हाच पांगले त्यांच्याकडे.

रात्रभर एकच वाक्य माझ्या डोक्यात होतं: दोन्ही कटोरे यानच्याच घरचे आहेत. ते मी मोठेसाहेबांना सांगू शकलो असतो. मग त्यांनी विचारलं असतं, मूळ कुठं आहे? ते माझ्या माळ्यावर आहे, दोन तुकड्यांत, मोज्यात बांधून. मी भित्रा आहे. इतर पानांवर मी काय काय लिहिलंय ते कुणी वाचलं तर त्याखाली हे वाचावं.

घाटावर त्यानं मला हाक मारली. "साहेब, पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी जातो तिकडं विकायला." आणि हसला. आछिंगला म्हणाला, "तुझी सहावी शीर सुरेख आलीय. आईसारखी." ती रडली नाही. नाव पुलाखालून गेल्यावर तिथंच पायरीवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. बायकोनं तिला शेवया नेऊन दिल्या. माझ्याशी बायको चार दिवस बोललेली नाही.

अश्ववर्ष, नववा महिना, तीस

यारकंदहून पत्र नाही. आछिंग दर दहा दिवसांनी येऊन विचारते. उभ्यानं विचारते आणि जाते.

मेषवर्ष, दुसरा महिना, एक

पत्र नाही. बाओशेठनी उंटवाल्यांकडं चौकशी केली. गेल्या हिवाळ्यात त्या वाटेवर बरीच माणसं दगावली, म्हणाले. आछिंगला हे सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं नाही.

मेषवर्ष, दहावा महिना, सात

राजधानीतून पेटी आली. पिवळं रेशीम, कापूस, हिंदुस्थानी कटोरा. यारकंदमध्ये एक थोर हिंदुस्थानी गुरू सापडला आहे म्हणे. म्हातारा, फेटा बांधतो, मुका आहे की काय कोण जाणे, कुणाशी बोलत नाही. असा हात शंभर वर्षांत झाला नाही. सुजौच्या मिस्त्रींनी हा डोळ्यांपुढं ठेवून शिकावं. बुडाशी सम्राटांची नवी कविता कोरावी. छप्पन अक्षरं.

मोठेसाहेब कौतुक करत होते. "बघ फेई, याला म्हणतात हिंदुस्थान!" मी कटोरा उपडा केला. माझा अंगठा आपोआप गेला, डाव्या कळीखाली.

पाच.

मला हुंदका आला. मोठेसाहेब म्हणाले, "रसिक आहेस." मी हो म्हणालो.

कटोरा घेऊन तसाच धावत आछिंगकडे गेलो, ती ओल्या हातांनी आली. कटोरा घेतला, पानावरून बोट फिरवलं, शिरा दोनदा मोजल्या. "बाबा आहेत," म्हणाली. "आहेत हो साहेब, बाबा आहेत." पोर दोन वर्षांचं सगळं रडली. मीही उभ्या उभ्या रडलो. शेजारच्या बाईला वाटलं असेल, पुन्हा काहीतरी फुटलं.

मग तिनं डोळे पुसले आणि बूड उजेडाला धरलं. "साहेब, हे मागच्याहून पातळ आहे. यात कोरलं तर हेही जाईल. याच्याशिवाय मला त्यांचं काही आलेलं नाही."

दहावा महिना, आठ

आज मोठेसाहेबांपुढं उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, कविता थोडी छोटी करता येईल का?"

ते पाणी पीत होते. ते त्यांच्या नाकातून आलं.

मी म्हणालो, छोटी नसेल करायची तर दुसरीकडं कोरावी. बूड पातळ आहे, तुटेल. अशी कविता परदेशी भांड्याच्या तळाशी कशाला? कुणी त्यात काही प्यायलं तर शब्द बुडतील. चंदनाच्या पेटीच्या झाकणावर कोरावी, मोठ्या अक्षरांत, आधी कविता दिसेल, मग कटोरा.

"तू सम्राटांना जागा दाखवतोस?"

"हो साहेब. झाकण."

त्यांनी दोन पत्रं लिहिली. एकात माझी सूचना त्यांची म्हणून, दुसऱ्यात माझा उद्धटपणा माझा म्हणून.

अकरावा महिना, सव्वीस

दोन्हींची उत्तरं आली. सूचना पसंत पडली. कविता झाकणावर. कोरणारी आछिंग आहे, कागदावर नाव अर्थात दुसऱ्याचं. कटोरा कोराच राहणार. ती रोज दुपारी येते, काम तपासण्याच्या निमित्तानं पाच शिरा मोजते आणि घरी जाते.

उद्धटपणाबद्दल मला तीन वर्षं यारकंद. कामाचं स्वरूप: हिंदुस्थानी पाण्याचा अभ्यास.

बायकोला सांगितलं. ती मग म्हणाली, "लोकरीचे मोजे दोन जोड देते," आणि माळ्यावर चढली. फुटका कटोरा बांधलेला मोजा तिनं सोडवला, तुकडे डब्यात ठेवले आणि मोजा धुवायला टाकला. तिला सगळं कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

वानरवर्ष, पहिला महिना, सतरा

उद्या निघायचं. शिपाई एकच देणार आहेत, माझी किंमत तेवढी. पाय आत्ताच दुखतायत. रस्ता मरणाचा आहे हे मला माहीत आहे आणि भीती वाटतेय, ते लिहून ठेवतो.

आछिंग येऊन गेली. बापासाठी हिरवा चहा दिला, आईच्या हातची कोरणी दिली. मग विचारलं, "साहेब, तिथली वाळू कशी असेल? बाबा आपल्या वाळूशिवाय चिडचिड करतात."

मी खोलीत गेलो. तिसरं पोतं तिथंच होतं, लाख, शिक्का, तारीख, सगळं शाबूत. शिक्का मीच फोडला. आता खेचरावर एका बाजूला माझी पुस्तकं आहेत आणि दुसऱ्या बाजूला ते पोतं. नाक्यावर विचारतील म्हणून सामानाच्या यादीत स्वच्छ अक्षरात लिहिलंय: पाणी, सुजौचं, एक पोतं.